रिकामे माग

भिंतीपलीकडे नत्थूजीचा माग सकाळपासून वाजत होता आणि रुख्मिणीच्या डोक्यात एकच प्रश्न घोळत होता. कांड्या कोण भरतं?

माग चालायचा तर धोट्यात सुताची कांडी लागते. एक संपली की दुसरी तयार हवी, आणि ती भरते घरातली बाई, चरख्यावर बसून. रुख्मिणी लग्न होऊन या घरात आली ती दुसऱ्या दिवसापासून नवऱ्याच्या कांड्या भरत होती. शेजारी जाऊबाईचा, प्रयागबाईचा, चरखा होळीपासून तिने ऐकला नव्हता. आता चैत्र संपत आला होता. मग या बाबाचा माग चालतो कशावर?

रुख्मिणीला चौकश्यांचा भारी नाद. भिवापूरला माहेरी असताना कुणाच्या घरी पाहुणे आले, किती आले आणि कशाला आले, हे घरमालकाच्या आधी तिला कळायचं. सासूने, रंभाबाईने, तिला पहिल्याच वर्षी सांगून ठेवलं होतं, "तुह्या नाकाले आधी लगाम घाल, मग डोक्यावर पदर घे." लगाम काही बसला नाही. पण एक मानलं पाहिजे, ती कळलेलं सगळं गल्लीत वाटत फिरत नसे. तिला फक्त कळून घ्यायचं असे. एकदा कळलं की ती निवांत झोपायची.

गेले काही दिवस मात्र तिला झोप नव्हती. तिने भिंतीला कान लावला. ही भिंत दोन भावांच्या वाटणीत घातलेली, अजून गिलाव्याशिवाय. रुख्मिणीचा नवरा गणपतराव जाडंभरडं विणायला लागला आणि धाकटा नत्थूजी म्हणाला, मी रेशीमकाठाशिवाय हात लावणार नाही. त्यावरून चुली वेगळ्या झाल्या. त्या कच्च्या भिंतीतून सगळं ऐकू येई. पलीकडून आवाज आला, खट. मग पुन्हा खट. फणीचा लाकडावर लाकूड आपटल्याचा कोरडा ठोका. त्याच्यामागे धोट्याची सर्र नव्हती. ताण्यावर बाणा बसला की जो मऊ, भरलेला ठोका पडतो, तोही नव्हता.

रुख्मिणी उठली, भाकरीचं टोपलं झाकलं आणि परसातून जावेच्या मागच्या दाराशी गेली.

आत नत्थूजी मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला होता. पायाखालच्या पावड्या तो आलटून पालटून दाबत होता. डाव्या हाताने फणी ओढायची, सोडायची. मागावर एक धागा नव्हता. ताणा नाही, बाणा नाही, कापड नाही. नागपुरात ज्याच्या रेशीमकाठाला तोड नाही म्हणायचे, तो माणूस घामाघूम होऊन हवा विणत होता.

तो पाठमोरा होता, त्याने तिला पाहिलं नाही. प्रयागबाईने पाहिलं. ती चुलीजवळ बसली होती आणि चूल थंड होती. धाकटी गोपिका तिच्या मांडीवर निजली होती, दुपार व्हायच्या आधीच. प्रयागबाईने ओठांवर बोट ठेवलं आणि पोरीला खांद्यावर घेऊन परसात आली.

"अवं प्रयाग, हे काय?" रुख्मिणी कुजबुजली.

"काय म्हणजे काय? माग चालून राहिला."

"मी पाहिलं ना वं आत्ता. सूत कोठी हाय?"

प्रयागबाईच्या गालाची हाडं वर आली होती. रुख्मिणीला एकदम आठवलं, बेसन पाठवलेली आपली वाटी हिने मागच्या महिन्यात रिकामी परत केली होती. शेजारणीची वाटी कुणी रिकामी परत करत नाही, चिमूटभर साखर तरी घालतं. त्यानंतर रुख्मिणीने जे जे पाठवलं ते प्रयागबाईने दारातूनच परत लावलं होतं, 'आमचं झालं' म्हणून. रुख्मिणीला राग आला होता तेव्हा. आता तिला स्वतःच्याच रागाची लाज वाटली.

"काहून चालवतात पण?" तिने विचारलं. "कोणासाठी?"

"गल्लीसाठी," प्रयागबाई म्हणाली. "माग बंद पडला का लोक दारात येतात विचारायले. मग म्हणतीन, रेशीमवाल्याची जिरली. मले म्हणतात, आवाज चालू पाहिजे. आणि बाई..." तिने पोरीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "सोमवारपासून कामठी रस्त्याच्या दुष्काळी कामावर जाणार हायेत. खडी फोडायले."

रुख्मिणीने तोंडावर हात मारला. खडी फोडलेल्या हाताची बोटं कशी होतात हे विणकराच्या घरात सांगावं लागत नाही. रेशमाचा धागा त्या बोटांवर अडकतो, तुटतो. मागच्या दुष्काळात शेजारचा एक जण खडीवर गेला होता. पाऊस चांगला झाला, सूत आलं, पण त्याचा हात काही परत आला नाही. आता तो हमाली करतो.

"सरकारी रसोड्यात जा म्हणलं, तर म्हणतात, पंगतीत बसून फुकटचं खाणार नाही," प्रयागबाई म्हणाली. "खडी फोडली का मजुरी भेटते, म्हणतात. ती भीक नाही म्हणे."

"पण विणकरांले घरीच काम द्यायचं म्हणून तर कमिटी सूत वाटून राहिली ना? आणि वाटणारा कोण हाय? तुहा सख्खा जेठ!"

प्रयागबाई पोरीला घेऊन आत गेली.

हेच तर कोडं होतं. दुष्काळ फंडाची एक कमिटी सीताबर्डीवर बसे. वकील, मास्तर, दोन शेठ. त्यांनी ठरवलं होतं की कोष्टी विणकरांना खडीवर धाडून त्यांचे हात वाया घालवायचे नाहीत. ज्याचा माग बंद पडला त्याला सूत द्यायचं, त्याने जाडं कापड विणायचं, त्याची मजुरी घ्यायची, आणि ते कापड उघड्यानागड्यांना वाटायचं. या गल्लीत सूत वाटायचं काम गणपतकडे दिलं. तोवर तो नुसता गणपत होता, कमिटीने त्याला राव जोडला. रावपणाचं त्याला ओझंही होतं आणि आवडही. सूत मागायला मात्र गल्लीतलं क्वचितच कुणी त्याच्याकडे आलं होतं.

दुपारी गणपतराव सीताबर्डीहून पायी आला तो तोंड पाडूनच. ओसरीवर बसला, पाणी प्यायला, आणि म्हणाला, "सूत बंद झालं."

"कोणाचं?"

"सगळ्या गल्लीचं. श्रीधर मास्तर तपासणीले येऊन गेला ना परवा? त्यानं कमिटीत सांगितलं, या गल्लीत टोकापासून टोकापर्यंत माग वाजून राहिले. सगळ्यांले काम हाय. मग सूत ज्याले नाही त्याले जाऊ द्या." गणपतरावाने पागोटं काढून मांडीवर ठेवलं. "भला माणूस हाय बिचारा. खुश होऊन सांगत होता."

रुख्मिणीला आधी हसू आलं, मग रडू. श्रीधर मास्तर शाळेत गणित शिकवायचा, मागाच्या आवाजातलं त्याला काय कळणार? त्याने खटखट ऐकली आणि खुश झाला.

तिने नवऱ्याला काही सांगितलं नाही. परसात गेली आणि भिंतीवरून हाक मारली, "प्रयाग वं, भावजींले घेऊन ये. आत्याबाईंनी बोलावलं."

रंभाबाईने काहीएक बोलावलं नव्हतं. ती आतल्या खोलीत जपमाळ घेऊन बसली होती. पण सगळे जमल्यावर तीही बाहेर आली, कारण धाकटा आल्याचं तिला पावलावरून कळत असे आणि धाकट्यावर तिचा जीव. राहायची मात्र थोरल्याकडे. याचं थोरल्याला काय वाटायचं ते त्याने कधी बोलून दाखवलं नव्हतं.

नत्थूजी उंबऱ्याशीच उभा राहिला. चुली वेगळ्या झाल्यापासून तो या ओसरीवर टेकला नव्हता. "काय हाय माय?" त्याने विचारलं.

रंभाबाई काही बोलायच्या आत रुख्मिणी बोलली. "भावजी, तुमच्या मागावर सूत नाही. मी पाहिलं."

नत्थूजीचा चेहरा आधी काळा पडला, मग त्याने बायकोकडे पाहिलं. "तू सांगितलं?"

"तिनं नाही सांगितलं. मी मागच्या दारातून पाहिलं."

"कोणी सांगितलं होतं तुमाले डोकावायले, वैनी?"

"बरोबर बोलला तो," रंभाबाई कडाडली. "दुसऱ्याच्या घरात डोकावणं बाईच्या जातीले शोभते का? माह्या पोराची अब्रू..."

"आत्याबाई, तुमचा पोरगा सोमवारी खडी फोडायले जाऊन राहिला."

रंभाबाईच्या हातातली माळ थांबली. "काय?"

"विचारा त्यांले."

रंभाबाईने विचारलं नाही. ती नुसती नत्थूजीच्या हातांकडे पाहत राहिली. ते हात तिने घडवले होते. बाप लवकर गेला. काठातला पहिला मोर तिने स्वतः बोट धरून त्याच्याकडून विणवून घेतला होता.

"मजुरी हाय ते माय, भीक नाही," नत्थूजी म्हणाला, पण आवाज खालचा होता.

"आणि सूत घेऊन विणणं भीक हाय?" रुख्मिणी म्हणाली.

"दादाच्या दारात हात पसरायचा? तो त्या कमिटीचा कारभारी, आणि मी लाईनीत उभा राहू? काल वेगळा झालो, आज त्याच्या दाराशी?"

"मी तुले कधी नाही म्हणलं गा?" गणपतराव उसळला. "तू कधी मागितलं? तुह्या मागाचा आवाज तर दिवसभर..."

"हां, आवाज," रुख्मिणीने मधेच धरलं. ती नवऱ्यापुढे अशी कधी बोलत नसे. पण आता थांबणं तिच्या हातात राहिलं नव्हतं. "मी कांड्या भरणारी बाई. मले भिंतीतून कळलं का माग रिकामा हाय. तुमी तर जन्माचे विणकर. तुमाले नाही कळलं?"

गणपतरावाने पागोटं उचललं, घडी मोडली, परत घातली. "मले वाटलं, त्याच्याजवळ जुनं सूत असंल थोडंसं. मी कुठं ध्यान देऊन बसतो?"

तो बोलताना त्याचे कान लाल झाले होते. रुख्मिणीने ते पाहिलं. तिचा जीव तडफडत होता पुढे विचारायला, पण दीर समोर उभा होता आणि सासू पाहत होती. तिने जीभ दाताखाली धरली.

मग प्रयागबाई बोलली. कुणाला वाटलं नव्हतं ती बोलेल. ती खांबाआड बसली होती, तिथूनच, कुणाकडे न पाहता. "मले एवढंच समजत नाही, माह्या घरचा एकच माग रिकामा असता तर आख्ख्या गल्लीचं सूत कसं बंद झालं? बाकीचे दाखवायले पाहिजे होते ना, आमचे बंद हायेत म्हणून."

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. रुख्मिणी उठून ओसरीच्या पायरीवर गेली आणि ऐकू लागली. नत्थूजीही वळला. तिसऱ्या प्रहरचं ऊन तापलं होतं, गल्लीत कुत्रं फिरकत नव्हतं, आणि घराघरातून आवाज येत होता. खट, खट. समोरून तसाच. त्याच्या पलीकडून तसाच. कुठे तरी दूर एका घरात तेवढी धोट्याची सर्र होती, आणि तिच्यामागून भरलेला ठोका.

"अगा बाप्पा," नत्थूजी हळूच म्हणाला. तो आपल्याच आवाजात इतका बुडाला होता की दुसऱ्याचं त्याने ऐकलंच नव्हतं. त्याला वाटत होतं, गल्लीत आपण एकटेच.

गणपतरावाने नानाजींना बोलावणं धाडलं. नानाजी गल्लीचे पंच, म्हातारे, बोलण्यात ऐटबाज. आले, बसले, सुपारी नसल्यामुळे नुसतंच तोंड हलवलं. गणपतरावाने सगळं सांगितलं.

"छे छे," नानाजी म्हणाले. "रिकामे माग? आपल्या गल्लीत? कोण असा येडा असंल?"

"तुमी सांगा नानाजी," रुख्मिणीने पदर पुढे ओढून विचारलं. "कोणाकोणाचे हायेत?"

"मले काय माहीत वं पोरी?" ते उठायला लागले. अर्धे उठले आणि परत बसले. बराच वेळ त्यांनी पायाच्या अंगठ्याने जमीन उकरली. "माहा हाय," ते म्हणाले. "बुढीनं सांगितलं, पंचाचा माग बंद पडला तर बाकीच्यायनं काय करावं."

नत्थूजी उंबऱ्यावरून आत आला आणि म्हाताऱ्याशेजारी टेकला. कितीतरी दिवसांनी तो त्या ओसरीवर बसला, आणि त्याचं त्यालाही ध्यान नव्हतं.

आता करायचं काय ते उघड होतं आणि म्हणूनच कुणी म्हणत नव्हतं. शेवटी रुख्मिणीच म्हणाली. मास्तरला परत बोलवा, आणि तो येईल तेव्हा ज्याच्याजवळ सूत नाही त्याने माग बंद ठेवायचा.

"हे बोलू नको," रंभाबाई म्हणाली. "गल्लीतले माग एकदम कवा बंद होतात? तुले माहीत नाही? कोणी मेलं का. मढं उठेपर्यंत. जित्या माणसांच्या गल्लीत माग बंद करायचे? अपशकुन हाय तो."

नानाजींनी मान हलवली. गणपतरावानेही. ही रीत खरीच होती; कुणाच्या घरी माणूस गेलं की सांगावा धाडावा लागत नसे. एक माग थांबे, मग शेजारचा, आणि आवाज विझत विझत टोकाला गेला की सगळ्यांना कळे. रुख्मिणीने नवऱ्याकडे पाहिलं, नवरा आईकडे पाहत होता. पुरुष सगळे रंभाबाईच्या बाजूला गेले. जावांच्या बाजूला जावाच उरल्या.

तेवढ्यात गोपिका जागी झाली. रडली नाही. पोरं भुकेने रडायची थांबतात, ते जास्त वाईट असतं. तिने डोळे उघडले, ओसरीवरच्या माणसांकडे बघितलं आणि परत मिटले. रंभाबाईने तिला प्रयागबाईच्या खांद्यावरून आपल्याकडे घेतलं. घेताना तिचे हात जरा वर गेले, म्हणजे तिला वाटलं होतं त्यापेक्षा पोर हलकी होती.

म्हातारी पोरीचं मनगट दोन बोटांत धरून बसली.

"नत्थू," ती मग म्हणाली. "उद्या तुहा माग थांबन."

"माय, तूच तर आत्ता..."

"मी म्हणलं होतं. आता हे म्हणतो. कोणी मरायच्या आधी थांबवलेला बरा का मेल्यावर?"

नानाजी उठले आणि घरोघर सांगायला निघाले.

श्रीधर मास्तर दुसऱ्या दिवशी सकाळी आला. गणपतरावाने निरोप धाडला होता की पुन्हा एकदा पाहून जा. येताना त्याने छत्री आणली होती आणि बरोबर कमिटीचा एक शिपाई.

रुख्मिणी दारात उभी होती. तिच्या घरात सूत होतं, एका व्यापाऱ्याचं. पण तिनेच नवऱ्याला म्हटलं होतं, आज आपलाही राहू द्या. मास्तर गल्लीच्या तोंडाशी आला, तेव्हा नत्थूजीचा माग वाजत होता. एकटाच. आता हा बाबा ऐन वेळी मागे फिरतो की काय? खट, खट, खट. मग एक ठोका पडला आणि पुढचा पडला नाही.

शांतता अशी पडली की मास्तरच्या वहाणांचा आवाज ऐकू येऊ लागला. त्याने चार पावलं टाकली आणि थांबला. दारादारात माणसं उभी होती. बायका, पोरं, म्हातारे, कुणी बोलत नव्हतं. मास्तर घाबरला. त्याने उपरण्याचं टोक नाकाला लावलं.

"पटकी आली का हो?" त्याने गणपतरावाला विचारलं. "किती दगावले?"

"कोणी दगावलं नाही मास्तर," गणपतराव म्हणाला. "गल्लीत सूत नाही."

"अहो, पण त्या दिवशी तर सगळीकडे..."

"रिकामे वाजत होते."

मास्तरला समजायला वेळ लागला. मग तो समोरच्या घरात शिरला, बाहेर आला. नानाजींच्या घरात शिरला, बाहेर आला. प्रत्येक वेळी बाहेर येताना त्याचं तोंड आणखी उतरलेलं. नत्थूजीच्या दारात तो उभा राहिला तेव्हा नत्थूजी अजून खड्ड्यातच बसला होता, हात मांडीवर. गणपतराव मास्तरच्या मागे होता, रुख्मिणी त्याच्या मागे, आणि मागे अर्धी गल्ली.

"हे तुमचे बंधूच ना?" मास्तरने गणपतरावाला विचारलं. "मग तुम्ही आम्हाला सांगितलं कसं नाही? तुम्ही स्वतः विणकर. तुम्हाला तरी कळायला हवं होतं."

नत्थूजी खड्ड्यातून वर आला. "दादाले काही माहीत नव्हतं मास्तर," तो म्हणाला. "आमच्या चुली वेगळ्या हायेत. मी दार लावून चालवत होतो. त्याले कसं कळंल?"

मास्तरने मान डोलावली. इथे ते संपलं असतं. मास्तरला पटलं होतं, आणि गल्लीने न पटल्याचं दाखवलं नसतं. रुख्मिणीने नवऱ्याच्या पाठीकडे पाहिलं. सदऱ्यातून घामाचा पट्टा खाली उतरत होता.

"माहीत होतं मले," गणपतराव म्हणाला.

"दादा, राहू दे."

"पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्याच्या मागाचा ठोका मी झोपेत वळखतो." तो मास्तरशी बोलत होता पण पाहत होता भावाकडे. "सख्ख्या भावाचं नाव पहिलं सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, कारभारी झाला आणि घर भरायले लागला. म्हणून बोललो नाही. आणि त्याचं नाही सांगितलं म्हणून मग बाकीच्यायचंही सांगता येईना. त्यायचेही मले ऐकू येत होते."

रुख्मिणीला जे कळून घ्यायचं होतं ते कळलं. निवांत मात्र वाटलं नाही. तिला धावत जाऊन त्याच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला, आणि एवढ्या लोकांत ते करता येत नव्हतं.

श्रीधर मास्तर वाईट माणूस नव्हता. त्याने सूत सुरू करायचं कबूल केलं, त्याच दिवशी. पण वाटायचं काम आता गणपतरावाकडे ठेवता येणार नाही, असंही तो म्हणाला. कमिटीला विश्वासाचा माणूस लागतो. गणपतरावाने सुताच्या कोठीची किल्ली कमरेची सोडून त्याच्या हातावर ठेवली. मास्तरने ती नानाजींना दिली. नानाजींनी ती दोन्ही हातांनी घेतली आणि कुठे ठेवावी ते त्यांना कळेना.

संध्याकाळपर्यंत सूत आलं, आणि दर घरामागे थोडं ज्वारीचं पीठही. पीठ खाण्यासाठी नव्हतं, खळीसाठी होतं. ताणा मागावर चढवायच्या आधी त्याला पिठाची खळ चोपडावी लागते, नाहीतर धागा फणीत टिकत नाही. शिपायाने घराघरात बजावून सांगितलं, खळीचं पीठ खळीलाच वापरा.

दुसऱ्या सकाळी गल्लीत ताणे लागले. नत्थूजीचा ताणा त्याच्या दारापासून पार नानाजींच्या दारापर्यंत ताणला होता. ताण्याला खळ चोपडायच्या या पाजणीला दोन माणसं लागतात, एक या अंगाला, एक त्या अंगाला, हातात कुंचे घेऊन. नत्थूजी एका अंगाला उभा होता. दुसऱ्या अंगाला कोण, हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. गणपतराव घरातून कुंचा घेऊन आला, त्याने पागोटं काढून ओट्यावर ठेवलं आणि जाऊन उभा राहिला.

"जाडं सूत हाय," नत्थूजी म्हणाला.

"हो गा. हात बसंल तुहा दोन दिवसात."

"तू घट्ट धरू नको. तुले घट्ट धरायची खोड हाय."

रुख्मिणी हसली आणि खळ पाहायला जावेच्या घरात शिरली. चूल पेटली होती. प्रयागबाई पातेल्यात पळी फिरवत होती, पीठ रटरटत होतं. गोपिका आणि तिचा मोठा भाऊ चुलीच्या अगदी जवळ बसले होते, इतके जवळ की एरवी आईने धपाटा घातला असता. रुख्मिणी काही म्हणणार तोच प्रयागबाईने कोनाड्यातून मिठाचं गाडगं काढलं आणि चिमूट खळीत टाकली. मग दुसरी.

सुताच्या खळीत मीठ कुणी घालत नाही.

प्रयागबाईला चाहूल लागली. ती वळली नाही, पळी तेवढी थांबली. तिची पाठ ताठ झाली. रुख्मिणीच्या तोंडाशी प्रश्न आला होता, सवयीने. तो तिने गिळला. पुढे गेली, पातेल्याच्या काठावरून बोट फिरवलं आणि चाखून पाहिलं.

"अळणी हाय वं," ती म्हणाली. "थांब, माह्या घरून तिखट आणतो."

बाहेरून गणपतरावाने हाक मारली. ऊन चढत होतं, सूत तापत होतं, दोन्ही भाऊ कुंचे घेऊन ताटकळत होते. "झाली का वं खळ?"

"होऊन राहिली," रुख्मिणी दारातून ओरडली. "घाई करू नका. अजून कच्ची हाय."

आणि तिने फळीवरची दोन ताटं उतरवून पोरांपुढे मांडली.